सरासरीचे ताट आणि वयाची भूक

१९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी दररोज २,२५० उष्मांकांचा आहार ज्या खर्चात मिळू शकत नाही त्या खर्चाखालची माणसे दरिद्री, असा निकष त्यांनी धरला होता. पुढे १९७९ मध्ये नियोजन मंडळाच्या कृतिगटाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि नागरी भागासाठी २,१०० उष्मांकांची रेषा आखली. हे आकडे ठरविताना वय, लिंग आणि कामाचे स्वरूप यांचा विचार झाला नव्हता असे नाही. तान्ह्या मुलापासून नांगर धरणाऱ्या गड्यापर्यंत सर्वांच्या गरजा निरनिराळ्या मांडूनच ती सरासरी काढली गेली होती. परंतु सरासरी एकदा हाती आली की ती ज्या भिन्न गरजांतून निघाली त्यांचे विस्मरण होते. दारिद्र्यरेषा मोजण्यासाठी जे साधन म्हणून पुढे आले, तेच हळूहळू पोषणाच्या धोरणाचे परिमाण होऊन बसले. आणि आजही अन्नाचा प्रश्न म्हटला की शासनापुढे उभे राहते ते कुटुंब आणि त्या कुटुंबाला दिलेले धान्याचे पोते.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क दिला. १ जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्यही मिळते. या तरतुदीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि हिशेब मांडला तर दिवसाकाठी १६७ ग्रॅम तांदूळ वा गहू, म्हणजे सुमारे ५७५ उष्मांक, होतात. १९७९ च्या ग्रामीण निकषाच्या साधारण चौथा हिस्सा. आणि हा हिस्सा आठ महिन्यांच्या बाळासाठी, सोळा वर्षांच्या मुलीसाठी, गर्भवतीसाठी आणि दात पडलेल्या म्हातारीसाठी अगदी सारखा आहे. वाटपाच्या सोयीसाठी हे योग्य असेलही. पोषणाच्या दृष्टीने मात्र यातील कोणाचीही गरज दुसऱ्यासारखी नाही, आणि बहुतेकांची गरज निव्वळ तृणधान्याने भागणारी नाही.

सत्तरीच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकाच्या आरंभी याच पुण्यात एक वाद रंगला होता. त्याची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये. ख्यातनाम संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांचे म्हणणे असे होते की, एकाच माणसाची ऊर्जेची गरज दिवसागणिक कमी-अधिक होते, शरीर मिळेल त्या आहाराशी काही मर्यादेत जुळवून घेते, आणि म्हणून सरासरीखाली खाणारा प्रत्येक माणूस कुपोषित समजणे चूक होय. प्रा. दांडेकरांनी या प्रतिपादनाला कडाडून विरोध केला. डेव्हिड सेक्लर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने त्याही पुढे जाऊन ‘लहानखुरे परंतु निरोगी’ अशी कल्पना मांडली, तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे माजी संचालक डॉ. सी. गोपालन यांनी तिचा परखड समाचार घेतला. वाद विद्वत्तापूर्ण होता आणि त्यातून पुष्कळ निष्पन्नही झाले. मात्र ऊर्जेची तूट मोजण्यावरच भर राहिल्याने एक साधी गोष्ट त्यात मागे पडली. प्रौढ माणूस चार महिने कमी खाऊन पुढे चार महिने भरपाई करू शकतो; हाडे आणि मेंदू वाढण्याच्या वयातील मुलाला तशी मुभा नसते. ज्या महिन्यात जी वाढ व्हायची ती त्याच महिन्यात व्हावी लागते. तूट मागाहून व्याजासह फेडता येईल, हा ताळेबंदाचा नियम शरीराला लागू पडत नाही.

लहान ताट, सकस अन्न

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सुधारलेल्या शिफारशी पाहिल्या तर सरासरी किती फसवी आहे हे ध्यानी येते. मध्यम श्रम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,७०० उष्मांक लागतात, तशाच स्त्रीला २,१०० च्या आसपास. म्हणजे स्त्रीची ऊर्जेची गरज पुरुषाहून कमी. परंतु लोहाचा विचार केला की पारडे उलटे फिरते: पुरुषाला १९ मिलिग्रॅम, स्त्रीला २९, आणि सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीला ३२. याचा अर्थ असा की, स्त्रीचे ताट लहान असले तरी चालेल, पण ते पुरुषाच्या ताटापेक्षा अधिक सकस असले पाहिजे. प्रत्यक्षात आपल्या घरांतून ते लहान तेवढे असते. घरातील पुरुष आणि मुले उठल्यावर उरलेली भाकरी आणि तळाशी राहिलेले कालवण घेऊन बसणारी सून ही काही केवळ जुन्या कादंबरीतील व्यक्तिरेखा नव्हे.

आणि म्हणूनच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या, तर पुरुषांमध्ये हे प्रमाण २२ टक्के निघाले. चौथ्या फेरीत (२०१५-१६) स्त्रियांचे प्रमाण ४८ टक्के होते. एकाच छपराखाली, एकाच शिधापत्रिकेवर, एकाच चुलीवर शिजलेले अन्न खाणाऱ्या दोन माणसांत अडीच पटींचा फरक पडतो, तेव्हा दोष केवळ कुटुंबाच्या उत्पन्नाचा आहे असे म्हणून भागत नाही. जेवणाला लागून घेतलेला चहा लोह शोषू देत नाही आणि लिंबाची फोड किंवा आवळा ते शोषण्यास मदत करतो, हे शरीरशास्त्र खरे आहे. परंतु ज्या ताटात पालेभाजीच नाही त्यावर लिंबू पिळून फारसे काही साधणार नाही.

वयाप्रमाणे आहार बदलतो ही जाणीव आपल्या समाजाला नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. सहाव्या-सातव्या महिन्यातील उष्टावण, डोहाळजेवण, बाळंतिणीसाठी अळिवाची खीर, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, लहान मुलासाठी नाचणीचे सत्त्व ही सारी त्या जाणिवेचीच रूपे होत. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक चुना, म्हणजे कॅल्शियम, असतो. कोकणातील आजीला आकडा ठाऊक नव्हता, गुण ठाऊक होता. अर्थात या परंपरेचे गोडवे गाताना तिच्या दोन बाजू विसरता कामा नयेत. एक म्हणजे डिंकाचा लाडू नेहमीच तूप परवडणाऱ्या घरातला होता. दुसरी, याच परंपरेने प्रसूतीनंतरचा पहिला चीक पिळून टाकावयास सांगितले, आणि पोटातले मूल फार वाढले तर बाळंतपण अवघड जाईल या भीतीने गर्भवतीला हात आखडता घेऊन जेवावयास लावले. गर्भारपणाच्या उत्तरार्धात ज्या स्त्रीला रोज ३५० उष्मांक अधिक हवेत आणि अंगावर पाजताना पहिल्या सहा महिन्यांत ६०० अधिक हवेत, तिच्या वाट्याला असा उपास आला.

त्याचे परिणाम किती दूरवर पोहोचतात, याचा सर्वांत बोलका पुरावा पुणे जिल्ह्यातूनच आला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. या मातांच्या बाळांचे जन्माच्या वेळचे सरासरी वजन २.७ किलोच्या घरात होते. इंग्लंडमध्ये ज्यांच्याशी तुलना केली गेली त्या बाळांचे साडेतीन किलो. परंतु आपली ही बाळे केवळ लहान नव्हती. त्यांचे स्नायू आणि अवयव कमी भरलेले, पण त्वचेखालील चरबी मात्र बऱ्यापैकी राखलेली होती. दिसावयास कृश, आतून स्थूल अशा या बाळांना पुढील आयुष्यात मधुमेहाचा धोका अधिक संभवतो. आणखी एक निष्कर्ष अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे: मातेने एकूण किती उष्मांक घेतले यापेक्षा ती पालेभाज्या, फळे आणि दूध किती वारंवार घेत होती याच्याशी बाळाच्या वाढीचा संबंध अधिक निकटचा दिसला. यातील सुमारे दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, जे दूध, अंडी, मांस, मासळी यांतूनच मिळते. शेतमजुराच्या घरातील सुनेला रोज पेलाभर दूध मिळत नाही. गोठ्यात गाय असली तरी ते दूध डेअरीला जाते.

मधुमेहाच्या औषधांवर पन्नाशीत होणारा खर्च आणि बाविसाव्या वर्षी न मिळालेला पेलाभर दुधाचा खर्च हे दोन्ही एकाच हिशेबातील आकडे आहेत. फक्त पहिला कुटुंबाच्या खिशातून जातो आणि दिसतो. दुसरा कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही.

जेथे मदत थांबते

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७२ च्या दुष्काळात कामावर आलेल्या मजुरांना आणि त्यांच्या मुलांना मिळालेली सुकडी आजही त्या पिढीच्या तोंडी आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ गटांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्यातून अंगणवाडी उभी राहिली. १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्राची मान खाली गेली. त्यानंतर उशिरा का होईना, २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले आणि २०११ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात त्याने गर्भधारणेपासून मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या काळावर भर दिला. पाच वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचे राज्यातील प्रमाण २००५-०६ मध्ये ४६ टक्के होते, ते २०१५-१६ पर्यंत ३४ टक्क्यांवर आले. ही लहान कामगिरी नव्हे. पण २०१९-२१ च्या पाहणीत ते ३५ टक्के आढळले. घसरण थांबली होती.

ती का थांबली याचे एक कारण मदतीच्या रचनेत शोधले पाहिजे. सहा महिने ते दोन वर्षे या वयातील मूल अंगणवाडीत बसून जेवत नाही. त्याच्यासाठी घरी न्यावयाचा कोरडा शिधा किंवा पाकीट मिळते. घरी गेलेले पाकीट घराचे होते, एकट्या बाळाचे राहत नाही. शिवाय या वयात पोट वाटीएवढे आणि भूक वाढीची. त्याला दिवसातून चार-पाच वेळा दाटसर, तेलातुपाचा थेंब घातलेले अन्न भरवावे लागते. पातळ पेज पिऊन पोट फुगते, ऊर्जा मिळत नाही. आणि भरवावयाचे तर भरविणारे माणूस हवे. आई सकाळी आठला खुरपायला गेली की मूल सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. देशभरात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी जेमतेम ११ टक्क्यांनाच किमान पुरेसा आहार मिळतो, असे याच पाहणीचे सांगणे आहे. येथे कमतरता धान्याइतकीच आईच्या वेळेची आहे, आणि वेळेसाठी शिधावाटपाचे दुकान नसते.

शाळेतील पोषण आहाराची गोष्ट याहून निराळी. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिल्यानंतर ही योजना खऱ्या अर्थाने रुजली. पहिली ते पाचवीला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने, असे तिचे प्रमाण आहे. आठवी संपली की हे जेवण संपते. म्हणजे ज्या वयात मुलीची मासिक पाळी नुकतीच सुरू झालेली असते, उंची वाढत असते आणि लोहाची गरज आयुष्यातील उच्चांकाकडे जात असते, नेमक्या त्या वयात शासन तिच्यापुढचे ताट उचलते. पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी राज्यात ५७ टक्के रक्तक्षयी आहेत, हा योगायोग म्हणावा काय? किशोरवयीन मुलींसाठी वेगळी योजना आहे, पण २०२२ पासून ती ईशान्येकडील राज्ये आणि आकांक्षित जिल्ह्यांपुरती मर्यादित झाली. महाराष्ट्रात असे जिल्हे चारच – गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव. बीडची किंवा पालघरची मुलगी त्यात बसत नाही.

त्यातच अंड्याचे प्रकरण. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शाळेत आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरविले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा जादा निधी बंद केला. आहारातील श्रद्धेचे प्रश्न नाजूक असतात हे मान्य करूनही, न खाणाऱ्याला केळे देण्याची सोय आधीपासून होतीच. आठवड्याला एक अंडे हा फार मोठा विलास होता, असे कोणी गंभीरपणे म्हणू शकेल असे वाटत नाही.

या मुलींतील कित्येकींचे पुढे काय होते, हेही आकडे सांगतात. राज्यातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झालेले होते. स्वतःची वाढ पुरी न झालेली मुलगी माता होते, तेव्हा एकाच ताटावर दोन वाढणारे जीव हक्क सांगतात. २०२४ मध्ये सुरू झालेली महिलांना दरमहा दीड हजार रुपये देणारी योजना एकवीस ते पासष्ट वर्षांसाठी आहे. एकोणीस वर्षांची गर्भवती तिच्याबाहेर राहते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या खेपेला ५,००० रुपये मिळतात, अन्नसुरक्षा कायद्यात किमान ६,००० लिहिलेले असताना. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेखाली गर्भवतीला आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण मिळते: भाकरी किंवा भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडे. ते तिने तेथेच बसून खावयाचे असल्याने घरातल्या वाटणीतून सुटते. या एका तपशिलात जे शहाणपण आहे ते राज्याच्या इतर भागांना का लागू पडू नये, याचे उत्तर आजवर मिळालेले नाही.

फडावरची आणि ओसरीवरची

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल नवरा-बायकोच्या जोडीवर, म्हणजे एका कोयत्यावर, असते. त्यामुळे गर्भारपण हे सुटीचे कारण ठरत नाही. अंगणवाडीच्या पटावर नाव गावाकडे आणि मूल फडावरच्या खोपटात. २०१९ मध्ये शासकीय समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढून टाकलेले आढळले. पोषणाच्या चर्चेत हा विषय सहसा येत नाही. वस्तुतः तो तेथेच यावयास हवा. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले असतील, तर तिशी-पस्तिशीतच रजोनिवृत्तीनंतरची स्थिती येते आणि हाडांची झीज सुरू होते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या आणि बाजरीची भाकरी ठेच्याबरोबर खाणाऱ्या बाईच्या आहारात ते कोठून यावे?

आणि शेवटी म्हातारपण. वृद्धाला कमी खाल्ले तरी चालते, असा समज घरांत आहे तसाच धोरणातही आहे. ऊर्जेची गरज घटते हे खरे. प्रथिने, कॅल्शियम, ब-१२ यांची घटत नाही. पचनशक्ती आणि दात दोन्ही साथ सोडतात, म्हणून तेच पोषण मऊ, थोड्या आणि अधिक सकस अन्नातून मिळवावे लागते. आणि ते महाग असते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत साठ वर्षांवरील २७ टक्के लोक कमी वजनाचे आढळले, आणि २२ टक्के अतिवजनाचे. साठ ते एकोणऐंशी वयाच्या निराधार वृद्धासाठी केंद्राचा निवृत्तिवेतनातील वाटा २०० रुपये आहे; २००७ पासून तो बदललेला नाही. महाराष्ट्राने आपली भर घालून २०२३ मध्ये ही रक्कम १,५०० रुपयांवर नेली, हे त्यातल्या त्यात बरे. पण वृद्धासाठी शिजविलेले अन्न देणारी व्यवस्था खेड्यात अपवादानेच दिसते. मुलगा पुण्या-मुंबईला आणि सून फडावर असली की ओसरीवरच्या म्हातारीचे जेवण म्हणजे चहात बुडविलेली भाकरी.

पैसे कोठून आणावयाचे हा प्रश्न विचारला जाईल आणि तो विचारला गेलाच पाहिजे. अंगणवाडीतील मुलामागे रोजचे ८ रुपये आणि गर्भवतीमागे साडेनऊ रुपये हे दर २०१७ मध्ये ठरले. ते वाढविण्याची घोषणा केंद्रीय अर्थमंत्र्यांनी २०२५ च्या अर्थसंकल्पात केली. दर वाढले तरी रचना तीच राहिली, तर वाढीव पैसा पुन्हा कुटुंबाच्या सरासरीत विरून जाईल. त्यापेक्षा राज्याने अग्रक्रम ठरवावा: शाळेचे जेवण दहावीपर्यंत न्यावे, अमृत आहाराचे जेवण आदिवासी गटांबाहेरच्या गर्भवतींना, निदान मराठवाड्यातील स्थलांतरितांच्या तालुक्यांत, द्यावे, आणि साखर कारखान्याच्या हंगामात फडाजवळ पाळणाघर व अंगणवाडी चालवावी. यांतील पहिल्या कामासाठी नवे खाते उघडावे लागत नाही. ज्या माध्यमिक शाळेत आठवीचा वर्ग आहे, तेथे चूल, भांडी आणि स्वयंपाकी-मदतनीस आजच आहेत; नववी-दहावीच्या मुली शेजारच्याच वर्गात बसतात. मात्र त्या मदतनीस बाईसाठी केंद्राने २००९ मध्ये ठरविलेले मानधन महिना १,००० रुपये, तेही वर्षातून दहा महिने, एवढेच आहे. दोन वर्ग जादा शिजवावयाचे झाले तर पहिली दुरुस्ती तेथे करावी लागेल.